साडेतीन बाय सहा फुटांची ओटी : मुंबईच्या फ्लॅटचा अरुंद प्रवेश सोयीचा आणि प्रसन्न कसा करावा

कोकणातल्या जुन्या घरात आलेला माणूस अंगणातून थेट माजघरात जात नसे. पायरीपाशी वहाणा निघत, तांब्यातले पाणी पायांवर पडे, खांद्यावरचे ओझे ओटीवर टेके, छत्री पडवीच्या वाशाला अडकवली जाई, आणि गूळपाणी झाल्यावर बोलण्याला सुरुवात होई. गिरगावातल्या चाळीत खोली दहा बाय बाराची असली तरी ही सगळी कामे दारापुढची गॅलरी सांभाळत असे. फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर मात्र अंगण, पायरी, ओटी आणि पडवी या चारही जागांचे काम दार उघडताच लागणाऱ्या तीन-साडेतीन फुटांच्या बोळावर येऊन पडले. चपला, छत्र्या, हेल्मेट, दप्तर, दुधाची पिशवी, कुरियरचे खोके आणि किल्ल्या हे सारे तिथे एकमेकांवर चढते, आणि दिवसभर लोकलच्या गर्दीत उभा राहून आलेला माणूस स्वतःच्या घरातही प्रथम गर्दीतच पाऊल टाकतो.

मुलुंडमधील आमच्या वन बीएचकेचा प्रवेश १०५ सेंमी रुंद आणि १८० सेंमी लांब, म्हणजे साडेतीन बाय सहा फुटांचा आहे. बारा वर्षांत आम्ही त्याची मांडणी तीन वेळा बदलली. पहिल्या दोन मांडण्या दुकानात काय आवडले यावरून ठरल्या होत्या आणि दोन्ही फसल्या. तिसऱ्या वेळी आधी ओटीची कामे लिहून काढली आणि प्रत्येक कामाला जागा नेमून दिली. ही मांडणी आजवर टिकली आहे, म्हणून तीच रीत येथे क्रमाने देत आहे.

पहिली पायरी : आठवडाभर नोंद ठेवा

कोणतीही खरेदी करण्यापूर्वी एक वही दाराजवळ ठेवावी आणि सकाळी ६ ते ९ व संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत दारापाशी काय घडते ते आठवडाभर लिहावे. कोण काय हातात घेऊन आले, ते कुठे ठेवले, बाहेर पडताना काय शोधावे लागले आणि कोण कोणाला अडले, एवढेच लिहिले तरी पुरते. सुतार, दुकानदार किंवा इंटीरियर डिझायनर यांपैकी कोणालाही ही माहिती नसते, ती फक्त घरच्यांकडे असते.

आमच्या वहीतून दोन गोष्टी निघाल्या. दारापाशी चपला-बुटांचे १९ जोड होते, परंतु रोज वापरात त्यांपैकी सहाच होते. उरलेले तेरा लग्नकार्याचे, ट्रेकिंगचे, फाटलेले किंवा मुलीला लहान झालेले असून वर्षभर सर्वांत मोक्याची जागा अडवून बसले होते. दुसरे असे, की सकाळी सर्वांत जास्त वेळ किल्ली आणि लोकलचा पास शोधण्यात जात होता, आणि त्या दोन्ही वस्तू बहुधा फ्रिजवर किंवा टीव्हीशेजारी सापडत होत्या. याचे कारण उघड आहे. आत शिरल्यावर हात मोकळे करण्यासाठी जी पहिली सपाट जागा मिळते तिथे माणूस हातातली वस्तू ठेवतो, आणि आमच्याकडे अशी पहिली जागा दारापासून बारा पावलांवर होती.

याच आठवड्यात एकदा लिफ्टमधून बाहेर पडून पाहुण्याच्या नजरेने आपल्या दाराकडे पाहावे. मुंबईत संध्याकाळी वारा खेळावा म्हणून बहुतेक घरांचा मुख्य दरवाजा उघडा आणि जाळीचा सेफ्टी डोअर बंद असतो. त्यामुळे आपला प्रवेश मजल्यावरच्या प्रत्येकाला रोज दिसतो, आणि त्याच वाऱ्याबरोबर चपलांचा वास हॉलमध्ये येतो. जाळीतून काय दिसते याचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा, कारण रोजच्या सवयीने जे डोळ्यांना दिसेनासे झालेले असते ते फोटोत दिसते.

दुसरी पायरी : मापे

मापे घाईने घेतल्यामुळेच आमची पहिली मांडणी फसली. आम्ही १०० सेंमी लांब आणि ३६ सेंमी खोल असा तयार शू रॅक घेतला. भिंत १८० सेंमी लांब असल्यामुळे तो सहज बसेल असे वाटले होते, परंतु मुख्य दरवाजाचे ९० सेंमी रुंद पान आत उघडून त्याच भिंतीला लागते हे कोणाच्या लक्षात आले नाही. दार काटकोनात उघडण्याआधीच रॅकच्या कोपऱ्याला अडू लागले. उरलेली चालण्याची वाट जेमतेम ६९ सेंमी राहिली, आणि पुढे नवा फ्रिज आला त्या दिवशी भरलेला रॅक उचलून जिन्यात नेऊन ठेवावा लागला.

म्हणून टेप घेऊन मापे अशी घ्यावीत. बोळाची रुंदी जमिनीलगत, कमरेच्या उंचीवर आणि डोक्याच्या उंचीवर अशी तीन ठिकाणी मोजावी, कारण मुंबईतल्या जुन्या इमारतींत भिंती ओळंब्यात असतीलच असे नाही. तिन्हींपैकी सर्वांत लहान माप खरे धरावे आणि त्यातून स्कर्टिंगची, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावलेल्या पट्टीची, जाडी वजा करावी. त्यानंतर दाराचे पान हळूहळू उघडत त्याच्या कडेखाली जमिनीवर खडूने रेघ ओढावी. या कमानीच्या आत कोणतीही वस्तू ठेवायची नाही. सेफ्टी डोअर बाहेर उघडत असेल तर त्याचीही कमान अशीच काढावी आणि तो उघडताना शेजाऱ्यांचे दार किंवा जिन्याची वाट अडते का ते पाहावे. शेवटी स्विचबोर्ड, बेलचा बॉक्स आणि बाथरूमचे दार यांची जागा कागदावर उतरवावी.

एका माणसाला निघून जायला ६० सेंमी वाट पुरते, पण पिशव्या घेऊन चालायला ७५ आणि अडखळल्यावाचून वावरायला ९० सेंमी वाट हवी. भाकरतुकडा ओवाळून गणपती घरात घेतात तेव्हा मूर्तीचा पाट धरलेला माणूस आणि त्याच्या पायांवर पाणी घालणारी बाई दोघेही दारातच असतात, तो प्रसंग डोळ्यांपुढे आणला की वाट किती मोकळी हवी याचा अंदाज येतो. खांद्यावर सिलिंडर घेतलेला माणूस, व्हीलचेअर आणि वेळ आलीच तर स्ट्रेचर हेदेखील याच वाटेने जाणार असते. ७५ सेंमीपेक्षा कमी वाट उरत असेल तर ती वस्तू कितीही आवडली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फर्निचरचे माप ठरले की वर्तमानपत्राचा तेवढाच तुकडा कापून जमिनीवर चिकटपट्टीने चिकटवावा आणि तीन दिवस तो न तुडवता वावरून पाहावे. कागद फाटला तर तेवढे फर्निचर त्या जागी मावत नाही. सुतार अजूनही इंच आणि सुतांत बोलतो, आठ सूत म्हणजे एक इंच, तेव्हा कागदावर सेंटिमीटर आणि इंच दोन्ही लिहून द्यावेत.

तिसरी पायरी : दाराबाहेरची जागा मोकळी करा

घर लहान असले की चपलांचा रॅक, सायकल आणि कुंड्या आपोआप दाराबाहेर सरकतात. ही सवय मोडणे भाग आहे. मजल्यावरची मोकळी जागा आणि जिना ही सामाईक जागा असते, आणि आग लागल्यावर धुराने भरलेल्या त्याच जागेतून, पुढचे न दिसता, भिंत चाचपडत माणसांना खाली उतरायचे असते. लाकडी रॅक तिथे पेट घेतो आणि पायांतही येतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या कायद्याने इमारतीचे मालक आणि भोगवटादार यांच्यावर आगीपासून बचावाच्या उपाययोजनांची जबाबदारी टाकलेली आहे, आणि अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यात परवानाधारक संस्थेकडून घ्यावे लागते. सोसायटीची नोटीस येण्याची वाट पाहण्यापेक्षा आपण होऊन ही जागा रिकामी करावी. बाहेर फक्त पायपुसणे आणि सणावाराची रांगोळी एवढेच ठेवावे.

चौथी पायरी : चपलांची व्यवस्था

प्रवेशाच्या जागेतले सर्वांत मोठे काम हेच आहे, त्यामुळे विचारही याचाच सर्वांत जास्त करावा लागतो. पुरुषांच्या नऊ-दहा नंबरच्या बुटाची लांबी ३० सेंमीच्या आसपास असते, म्हणून आडव्या फळीचा रॅक ३२ ते ३५ सेंमी खोल असावाच लागतो. अरुंद बोळात ही खोली परवडत नाही. तिरप्या झडपांचा, म्हणजे पुढे ओढून उघडणारा रॅक १७ ते २० सेंमी खोलीत मावतो, कारण त्यात चपला जवळजवळ उभ्या राहतात. आमचा सध्याचा रॅक ७५ सेंमी रुंद आणि १८ सेंमी खोल असून तो दाराच्या कमानीपलीकडच्या ९० सेंमी भिंतीवर बसवलेला आहे, त्यामुळे ८७ सेंमी वाट मोकळी राहते. घोट्यापर्यंतचे बूट किंवा जाड तळाचे स्पोर्ट्स शूज अशा झडपेत अडतात, म्हणून रॅक घेताना घरातला सर्वांत मोठा बूट पिशवीत घालून बरोबर न्यावा आणि दुकानातच घालून पाहावा.

रॅक जमिनीवर न टेकवता भिंतीला १५ ते १८ सेंमी उंचीवर अडकवावा. खालून झाडू आणि पोछा फिरतो, लादीवरचे पाणी लाकडाला लागत नाही, आणि रोजच्या वापराच्या चपला पायानेच त्या फटीत सरकवता येतात. झडप उघडून चपला आत ठेवण्याचा कंटाळा घरातल्या प्रत्येकाला येतो हे गृहीत धरूनच ही फट ठेवली आहे. तिच्यामुळे दारात पसरणारे जोड बऱ्याच अंशी नजरेआड राहू लागले.

लाकडाची निवड मुंबईच्या हवेकडे पाहून करावी. मोसमी पाऊस मुंबईत ११ जूनच्या सुमारास येतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याअखेर परततो, असे हवामान खात्याचे सर्वसाधारण वेळापत्रक आहे. या चार महिन्यांत भिंतीही ओलसर असतात. पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ या लाकडाचा भुसा व तंतू दाबून केलेल्या फळ्यांच्या कडांतून पाणी शिरले की त्या फुगतात आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही. सुताराकडून करून घ्यायचे असेल तर आयएस ७१० ही भारतीय मानकाची खूण असलेले मरीन प्लाय किंवा निदान आयएस ३०३ चे बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या प्रतीचे प्लाय मागावे, छाप प्रत्यक्ष शीटवर पाहून घ्यावी आणि खालच्या कडेसह सर्व कडांना पट्टी लावून घ्यावी. कडेची ही पट्टी वाचवणारा सुतार पुढच्या पावसाळ्याचे नुकसान आजच करून ठेवतो.

आमची दुसरी मांडणी हवेअभावी फसली. कपाट दिसायला सुबक आणि पूर्ण बंद होते. जुलैमध्ये एका रविवारी ते उघडले तेव्हा नवऱ्याच्या ऑफिसच्या बुटांवर राखाडी-हिरवी बुरशी मखमलीसारखी चढलेली होती आणि कोल्हापुरी चपलेचे चामडे बोटाने दाबले की मऊ लागत होते. चपलांचे कपाट वर आणि खाली, दोन्हीकडे हवा खेळेल असेच असले पाहिजे. झडपांना पट्ट्यांच्या फटी किंवा वेताची जाळी ठेवावी आणि पाठीमागची फळी भिंतीपासून दोन सेंमी सुटी ठेवावी. ओली चप्पल कपाटात कधीही ठेवू नये. ती आधी ट्रेमध्ये निथळावी आणि बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून रात्रभर उघड्यावर राहावी. चामड्याच्या वहाणा पावसाळ्यापुरत्या कोरड्या करून, जुन्या सुती कापडात गुंडाळून बेडरूमच्या कपाटात वर ठेवून द्याव्यात.

पाहुण्यांच्या चपलांचे काय करावे, हा प्रश्न हळदीकुंकू किंवा गणपतीत उभा राहतो. पंचवीस माणसांच्या चपला मावतील असा रॅक अशा घरात शक्य नाही, आणि त्याचा प्रयत्नही करू नये. त्या दिवशी घरच्यांच्या सर्व चपला बाथरूमच्या माळ्यावर किंवा पलंगाखाली टबमध्ये ठेवाव्यात आणि रॅकखालची फट, ट्रे व भिंतीलगतची एक फूट पट्टी पाहुण्यांसाठी सोडावी. बाहेर चपला ठेवाव्याच लागल्या तर त्या जिन्याची बाजू सोडून, आपल्या भिंतीला लागून, त्या दोन तासांपुरत्याच असाव्यात.

पाचवी पायरी : पावसाचे पाणी दारातच थांबवा

भिजून आलेल्या माणसाला छत्री, रेनकोट, चपला आणि पाय या चार ठिकाणचे पाणी कुठे द्यायचे हे विचार न करता कळले पाहिजे. आमच्याकडे दाराच्या कमानीबाहेर, बसायच्या आसनाशेजारच्या (ते पुढच्या पायरीत येते) भिंतीवर ९० सेंमी उंचीवर स्टीलची ३० सेंमीची दांडी आहे आणि तिच्याखाली जाळी असलेला प्लास्टिकचा ट्रे ठेवतो. घडीची छत्री दांडीला अडकवली की पाणी ट्रेमध्ये पडते. दोन रेनकोटांसाठी १७० सेंमी उंचीवर दोन हूक बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावले, कारण अनेक फ्लॅटप्रमाणे आमचेही बाथरूम प्रवेशालगत आहे आणि तिथे निथळलेले पाणी मोरीतच जाते. दांड्या आणि हूक स्टेनलेस स्टीलचे, ३०४ प्रतीचे घ्यावेत. क्रोम चढवलेल्या लोखंडाला दोन पावसाळ्यांत गंज येतो आणि तो रेनकोटाला लागतो.

पायपुसणी दोन हवीत. बाहेर काथ्याचे खरखरीत, चिखल खरवडणारे असावे, आणि आत पाणी शोषणारे सुती असावे. आतल्याचा तळ रबरी असावा, कारण गुळगुळीत व्हिट्रिफाइड लादीवर ओल्या पायाखालचे पायपुसणे सरकून पडण्याचा धोका मोठा असतो. विकत घेण्यापूर्वी दाराच्या पानाखालची फट मोजावी. पायपुसणे त्या फटीपेक्षा जाड असेल तर दार त्याला गोळा करत उघडते आणि चार दिवसांत ते कोपऱ्यात जाऊन पडते. सुती पायपुसणी तीन घ्यावीत, एक दारात, एक वाळत आणि एक घडीत.

सहावी पायरी : बसायची जागा आणि धरायची जागा

माझे सासरे, ज्यांना आम्ही अप्पा म्हणतो, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांचा उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही. रोज सकाळी बागेत फिरायला जाताना ते भिंतीला हात लावून, एका पायावर उभे राहून सँडलचा बेल्ट लावत. मे महिन्यात रंगकामासाठी भिंत पाहत असताना मला स्विचबोर्डापासून थोड्या अंतरावर तळहाताएवढा तेलकट, किंचित पिवळा डाग दिसला. त्याच्या वरच्या कडेला चार बोटांच्या पुसट खुणाही होत्या. तो डाग अप्पांच्या डाव्या हाताचा होता. वर्षानुवर्षे रोज त्याच जागी त्यांनी आधार शोधला होता आणि तिथे त्यांना सपाट भिंतच मिळाली होती. डाग पुसण्यापूर्वी मी त्याची उंची मोजली. ती ९७ सेंमी भरली, आणि त्याच जागेवर मध्य येईल असा ४५ सेंमीचा स्टीलचा उभा दांडा आम्ही बसवला. घरात वृद्ध माणूस असेल तर दांड्याची जागा पुस्तकातल्या मापावरून ठरवू नये, भिंतीवरचे डाग पाहून ठरवावी, असा माझा आग्रह आहे.

बसण्यासाठी दांड्याशेजारी भिंतीला घडी होणारे आसन लावले. त्याची उंची ४५ सेंमी आणि खोली ३० सेंमी आहे. घडी केल्यावर ते भिंतीपासून आठ सेंमीच पुढे राहते आणि रॅक समोर असूनही वाट ७९ सेंमी उरते. ४५ सेंमीपेक्षा खाली बसल्यास गुडघेदुखी असलेल्या माणसाला उठवत नाही, आणि वर बसल्यास पाय जमिनीला नीट टेकत नाहीत. जवळच एक लांब दांड्याचे शू हॉर्न अडकवावे.

आसन आणि दांडा यांच्यावर माणसाचे पूर्ण वजन येते, त्यामुळे भिंत कशाची आहे हे कळणे अत्यावश्यक आहे. ड्रिलमधून लाल भुकटी आली तर विटेची, पांढरी मऊ भुकटी आली आणि बिट लोण्यासारखे आत गेले तर सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकची, आणि करडी भुकटी येऊन बिट अडू लागले तर काँक्रीटची भिंत समजावी. विटेत लांब प्लग आणि स्क्रू चालतो. सिपोरेक्समध्ये साधा प्लास्टिकचा प्लग ओढला की निघून येतो, तिथे त्या ब्लॉकसाठीचे खास अँकर किंवा आरपार बोल्ट वापरावा. नव्या टॉवरमध्ये बऱ्याचदा सर्वच भिंती काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. त्यांना हॅमर ड्रिलने भोक पाडता येते, परंतु वायरसाठी खाचा मारू नयेत, कारण त्या भिंती इमारतीचा भार वाहतात. कोणत्याही भिंतीत स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नये, कारण तिथून वायर गेलेली असते. काम पूर्ण झाल्यावर घरातल्या सर्वांत वजनदार माणसाने आसनावर दहा मिनिटे बसून पाहावे आणि त्यानंतरच वृद्धांना ते वापरू द्यावे.

सातवी पायरी : हातांतल्या वस्तू

रॅकच्या वर, जमिनीपासून ११० सेंमी उंचीवर १२ सेंमी खोलीची एक अरुंद फळी लावावी. ती मुद्दाम अरुंद ठेवावी, रुंद फळीवर आठवडाभरात हेल्मेट, बिले आणि भाजीही येऊन बसते. तिच्यावर किल्ल्या आणि पास यांसाठी एक वाटी असावी, कागदांसाठी एक उभा कप्पा असावा, आणि कप्पा भरला की त्याच दिवशी रिकामा करावा. दारापासून बारा पावले दूर असलेली ती पहिली सपाट जागा आता दोन पावलांवर आली आणि किल्लीचा शोध संपला.

मोठ्यांच्या बॅगांचे हूक १६५ सेंमीवर आणि मुलांच्या दप्तराचे १०० सेंमीवर असावेत, म्हणजे शाळेतून आलेले मूल दप्तर जमिनीवर टाकत नाही. माणशी एकच हूक द्यावा. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून कापडी पिशवी रोज लागते, तेव्हा एका हुकावर दोन-तीन पिशव्या घडी करून ठेवाव्यात. दुधासाठी सेफ्टी डोअरला आतून एक जाड कापडी पिशवी बांधावी, ती आठवड्याला धुवावी.

आठवी पायरी : उजेड, आरसा आणि रंग

मुंबईतल्या फ्लॅटच्या प्रवेशाला बहुधा खिडकी नसते, आणि अरुंद जागा अंधारी असली की आणखी अरुंद भासते. छताला ३००० केल्व्हिनच्या उबदार प्रकाशाचा ९ वॉटचा एक एलईडी दिवा पुरतो. ६५०० केल्व्हिनचा पांढराफटक दिवा दवाखान्यासारखा वाटतो आणि चेहरे निस्तेज दिसतात, म्हणून तो टाळावा. दुसरा छोटा दिवा रॅकच्या खालच्या फटीत, हालचालीने लागणारा, बसवावा, म्हणजे दोन्ही हातांत पिशव्या असताना बटण शोधावे लागत नाही. दिव्यांचे प्रकार पेटवून पाहायचे असतील तर दक्षिण मुंबईतल्या लोहार चाळीच्या बाजारात एक फेरी मारावी, आणि बिजागऱ्या, हूक, अँकर यांसाठी तिथून चालत नागदेवी स्ट्रीटला जावे.

आरसा ३० ते ४० सेंमी रुंद आणि ९० सेंमी उंच असावा, आणि तो बाजूच्या भिंतीवर असावा. हॉलच्या खिडकीचा उजेड त्यावर पडून बोळात येतो. दारासमोर आरसा नको अशी अनेक घरांत धारणा असते, बाजूच्या भिंतीमुळे तिचाही मान राहतो. भिंतींना धुता येणारा, फिकट, किंचित पिवळसर झाक असलेला पांढरा रंग द्यावा, आणि बॅगा घासतात त्या उंचीपर्यंत, म्हणजे सुमारे १०० सेंमीपर्यंत, लाद्या किंवा जाड लॅमिनेट लावावे. कुंडी हवीच असेल तर कमी उजेडात जगणारे स्नेक प्लांट किंवा मनीप्लांट भिंतीला टांगावे, जमिनीवर ठेवू नये.

कामांचा क्रम चुकला की खर्च दुप्पट होतो. प्रथम वायरिंग, मग भोके आणि अँकर, त्यानंतर लाद्या, मग रंग आणि शेवटी फर्निचर असा क्रम ठेवावा, आणि रंग सुकायला वेळ मिळावा म्हणून सर्व काम मे महिन्याच्या मध्यापर्यंत संपवावे. भाड्याच्या घरात भोके पाडण्याची परवानगी नसेल तर दारावर अडकवायचे हूक, ट्रे, उभा आरसा आणि दिव्याचा बल्ब बदलणे एवढ्यानेही निम्मे काम होते. आसन आणि दांडा मात्र मालकाच्या परवानगीने पक्क्या भिंतीतच बसवावेत, चिकटवायच्या दांड्यावर कोणाचेही वजन सोपवू नये.

नववी पायरी : उंबरठा आणि दार

उंबरठा काढून टाकण्याकडे हल्ली कल आहे, परंतु तो असावा असे मला वाटते. लादी धुताना पाणी बाहेर जात नाही, झुरळे आणि धूळ काही प्रमाणात अडते, नव्या सुनेचे माप तिथेच ओलांडले जाते आणि दिवाळीचे लक्ष्मीचे पाऊल तिथूनच आत वळते. मात्र ग्रॅनाइटची पट्टी दीड सेंमीपेक्षा उंच नसावी आणि तिच्या दोन्ही कडा उतरत्या घासून घ्याव्यात, म्हणजे अप्पांसारख्यांचा पाय अडखळत नाही आणि चाकांची खुर्ची सहज जाते. उंबरठ्याबाहेर ३० सेंमीची पट्टी रांगोळीसाठी राखावी. तिथे बाहेरचे पायपुसणे येत असेल तर सणाच्या दिवशी ते उचलावे.

तोरणासाठी चौकटीवर दोन टोकांना पितळी हूक एकदाच लावून घ्यावेत. दरवर्षी खिळे ठोकले की चौकट पोखरली जाते आणि तिथून वाळवीला वाट मिळते. दसऱ्याला दादरच्या फुलबाजारातून झेंडू आणि आंब्याचे टाळे आणले की घरच्या घरी तोरण ओवता येते. ते सुकले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरवावे. दिवाळीत पणती दाराच्या बाजूला, चपलांचा रॅक, तोरण आणि पडदा यांपासून दूर, मातीच्या ताटलीत ठेवावी. कुंभारवाड्यातून आणलेली अशी ताटली पाच वर्षे आमच्याकडे आहे.

दरवाजाला तेल-पॉलिश किंवा रंग देताना खालची कडही रंगवून घ्यावी. ती दिसत नाही म्हणून सुटते आणि पावसात पान तिथूनच फुगून अडायला लागते. बिजागऱ्यांत वर्षातून दोनदा तेलाचे थेंब सोडावेत. बेलचे बटण १२० सेंमीवर असावे, म्हणजे मुलांचाही हात पोहोचतो, आणि पीपहोल १५० सेंमीवर असावे.

नावाची पाटी आमच्याकडे सर्वांत शेवटी लागली. तिच्यावर अप्पांचे, नवऱ्याचे, माझे आणि मुलीचे अशी चारही नावे आहेत. पाटी १५० सेंमी उंचीवर, दाराच्या कडीच्या बाजूला भिंतीवर लावावी, दारावर लावू नये, कारण संध्याकाळी दार उघडे असताना ती आत वळते आणि बाहेरून वाचता येत नाही. अक्षरे निदान अडीच सेंमी उंच असावीत आणि स्क्रू पितळी असावेत, लोखंडी स्क्रूचे गंजाचे ओघळ पहिल्याच पावसात पाटीवर उतरतात. पाटीखाली फ्लॅटचा क्रमांक वेगळा, मोठ्या अंकांत आणि दिव्याचा उजेड पडेल असा लावावा, म्हणजे रात्री-अपरात्री रुग्णवाहिकेबरोबर आलेल्या माणसाला लिफ्टचे दार उघडताच तो दिसतो.